अट उठेपर्यंत

मला मिळालेलं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं होतं. मी अमेरिकेत पोचले तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून. नवऱ्याच्या नागरिकत्वावर आलेल्या नव्या बायकोला तिथलं सरकार सुरुवातीला अटीवर राहू देतं. मुदत संपत आली की दोघांनी मिळून अर्ज करायचा, लग्न खरं आहे आणि टिकलं आहे हे दाखवायचं, मग अट उठते आणि दहा वर्षांचं कार्ड हातात येतं. ऐकायला सोपं वाटतं. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

नवरा मूळचा नाशिकचा, पण शाळेत असतानाच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेला आणि तिथलाच झालेला. मी गडहिंग्लजची, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली नर्स. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या परीक्षा द्यायला हव्या होत्या. त्यांचा अभ्यास चालू असतानाच नवऱ्याला सौदीतलं काम आलं. रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा मोठा कारखाना आहे, तिथले पंप बसवायला आणि चालते ठेवायला त्याच्या कंपनीला माणूस हवा होता.

"तू पण चल. निवांत राहशील," तो म्हणाला.

"निवांत राहायला मला जमत नाही," मी म्हणाले. आणि रियाधच्या एका हॉस्पिटलात मी स्वतःची नोकरी शोधली. त्यामुळे देश एक आणि घरं दोन, असा आमचा संसार सुरू झाला. मधे पाच तासांचा वाळवंटातला रस्ता. गुरुवारी काम संपलं की तो गाडी घेऊन रियाधला यायचा आणि शनिवारी दुपारी परत जायचा.

निघतानाच आमच्या वकीलबाईंनी बजावलं होतं. पत्ता अमेरिकेतल्या सासूबाईंच्या घराचाच ठेवा, कर तिथे भरा, परतीचा परवाना काढून ठेवा आणि दर काही महिन्यांनी जाऊन या. नाहीतर तुम्ही अमेरिका सोडली असा अर्थ निघेल. हे सगळं मी अगदी मनापासून पाळलं. सुट्टी जमली की मी सासूबाईंकडे जायचे, एखादा पेपर देऊन यायचे. शेवटची परीक्षा अशाच एका खेपेत पास झाले.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा आम्ही रियाधच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर बसून पुरावे काढत होतो. दोघांच्या नावाचं बँकेचं खातं, विमा, प्रवासाची तिकिटं आणि फोटो.

"हा नको. यात आपण भांडल्यासारखे दिसतोय," तो एक फोटो बाजूला ठेवत म्हणाला.

"मग तोच लाव. लग्न खरं वाटेल."

अर्ज गेला. पोच आली. त्या पत्रात लिहिलं होतं की जुनं कार्ड आणि हे पत्र एकत्र दाखवलं की कार्डाची मुदत वाढली असं समजावं. पुढे कार्डावरची तारीख उलटून गेली, आणि माझं अमेरिकेतलं सगळं अस्तित्व त्या एका घडी घातलेल्या कागदावर येऊन टेकलं.

मग काहीच झालं नाही. महिन्यामागून महिने गेले. संकेतस्थळावर तेच एक वाक्य: अर्ज मिळाला आहे. फोन लावला की यंत्र बोलायचं, आणि शेवटी माणूस मिळालाच तर तोही तेच वाक्य वाचून दाखवायचा. इकडे सौदीतला माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कधी संपायचा आणि हॉस्पिटल तो कधी वाढवून टाकायचं हे मला कळायचंही नाही; मोबाइलवर निरोप यायचा, खलास.

वॉर्डातली माझी मैत्रीण केरळची. एकदा चहा पिताना तिला मी ही सगळी हकिकत सांगितली. ती हसून म्हणाली, "अरे, तेरा तो घर में ही कफील है!" कफील म्हणजे सौदीत ज्याच्या जबाबदारीवर आपण राहतो तो मालक. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझा नवरा चांगला माणूस आहे. तरीही त्याची सही नसेल तर मी त्या देशात कोणीच नव्हते, हेही खरंच होतं.

रोज संकेतस्थळ उघडून बघायची मला सवय लागली होती. एक दिवस ड्युटीवर असताना माझ्या लक्षात आलं की मी बाळांच्या आयांना जे सांगते ते स्वतः करत नाहीये. कमी दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत असतं, आई बाहेर उभी राहून यंत्रावरच्या आकड्यांकडे टक लावून बघते. मी तिला म्हणते, त्या आकड्यांकडे बघू नका, पुढच्या वेळचं दूध काढा, ते तुमच्या हातात आहे. मग मीही ठरवलं. आठवड्यातून एकदाच बघायचं, सोमवारी, ड्युटी संपल्यावर. त्याच दिवशी चौकशी करायची, त्याच दिवशी वकीलबाईंना लिहायचं. बाकीचे दिवस कामाचे. मेट्रोत बसून मी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या जागा बघायचे, कुठे बाळांचा मोठा विभाग आहे ते वाचायचे. मला तिथे जायचं आहे हे मी विसरणार नव्हते, आणि कोणाला विसरू देणार नव्हते.

नवरा मात्र कंटाळला. एका शनिवारी, निघायच्या आधी, तो बूट घालता घालता थांबला.

"सोडून द्यायचं का ते?"

"काय?"

"तुझं कार्ड. मला इथे अजून काही वर्षं थांबा म्हणतायत. तुझंही छान चाललंय. परत जायची वेळ येईल तेव्हा नव्याने अर्ज करू. मी नागरिक आहेच की."

"तू आहेस. मी नाही."

"तेच म्हणतोय. माझ्यामुळे केव्हाही मिळेल."

"मला तुझ्यामुळे केव्हाही नकोय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मी परीक्षा दिल्यात त्या काय उगाच? आई तिकडे एकट्या आहेत. बाबा गेल्यापासून त्या फोनवर हसून बोलतात, पण मी जाते तेव्हा बघते ना, रोजचा स्वयंपाकसुद्धा करत नाहीत त्या. आणि दर वेळी दारातून आत यायला मला तुझी सही लागणार असेल, तर ते मला नको आहे. एकदाच हे पूर्ण करायचंय."

त्याने दुसरा बूट घातला. चहा न घेताच गेला. त्या आठवड्यात आमचे फोनवर फक्त निरोप चालले: पोचलो, जेवलो, झोपतो. बुधवारी त्याचा फोन आला.

"कंपनीला नाही म्हणून सांगितलं. करार संपला की परत जायचं."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"पण पाठपुरावा तू करायचा," तो म्हणाला. "मला पुन्हा त्या संकेतस्थळावर जायला लावू नकोस."

"नाही लावणार," मी म्हणाले, आणि दिलेला शब्द पाळला.

त्यानंतर पहिली हालचाल झाली. बोटांचे ठसे द्यायला मला बोलावलं होतं. पत्र सासूबाईंकडे आलं, त्यांनी फोटो काढून पाठवला.

"आई, खालची तारीख कापली गेलीय."

"अगं, मला वाटलं वरचं तुझं नाव महत्त्वाचं!"

यासाठी एकटीनेच जायचं होतं. नवऱ्याच्या कारखान्यात देखभालीसाठी यंत्रं बंद ठेवायची होती, त्याला रजा मिळण्यासारखी नव्हती. कार्डाची तारीख उलटल्यावरचा माझा तो पहिला प्रवास.

रियाधच्या विमानतळावर विमान कंपनीच्या खिडकीशी बसलेल्या तरुणीने पासपोर्ट बघितला, कार्ड बघितलं आणि परत सरकवलं.

"हे संपलंय."

मी पत्र पुढे केलं. "हे दोन्ही मिळून चालतं. यात लिहिलंय."

तिने पत्र उलटंपालटं करून बघितलं. "आम्हाला चालू कार्ड लागतं. कृपया बाजूला व्हा." आणि माझ्या मागच्या माणसाला तिने हाताने पुढे बोलावलं.

माझी रडायची वेळ आली होती, हे मी लपवत नाही. इतके महिने ज्याची वाट बघितली ते बोलावणं, आणि मी एका खिडकीवर अडकणार? मी एक पाऊल बाजूला झाले, पण ट्रॉली खिडकीसमोरून हलवली नाही.

"मी बाजूला झाले," मी शांतपणे म्हणाले. "पण इथून जाणार नाही. तुमच्या वरिष्ठांना बोलवा. अमेरिकेच्या कागदांबद्दल शंका आली तर विचारायला तुमच्याकडे नक्की कोणीतरी असेल. त्यांना विचारा. ते नाही म्हणाले तर मी घरी जाईन."

"मॅडम, रांग अडतेय."

"म्हणूनच लवकर बोलवा."

मागचे लोक कुरकुरायला लागले. मला त्यांची लाज वाटत होती, पण मी नजर खाली घातली नाही. काही वेळाने एक सुदानी वरिष्ठ आले, पिकल्या दाढीचे. त्यांनी पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. घाई केली नाही.

"सिस्टर, हे मूळ पत्र आहे?"

"हो, मूळच."

त्यांनी कुठेतरी फोन लावला, पत्रावरचा क्रमांक वाचून दाखवला, बराच वेळ ऐकत राहिले. मग फोन ठेवून त्या तरुणीला काहीतरी समजावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "यल्ला, चला, सामान ठेवा." तिनेही मान हलवून माफी मागितली, असं पत्र तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. विमानात बसल्यावर ते पत्र मी नीट घडी घालून पासपोर्टमध्ये ठेवलं.

ठसे देण्याचं काम झटक्यात झालं. आणि पुन्हा सगळं थंड. या वेळी सासूबाई कामाला लागल्या. त्यांच्या भागातल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात अडलेल्या अर्जांची चौकशी करून देतात, असं त्यांना देवळात कोणीतरी सांगितलं. मी रियाधहून संमतीपत्र सही करून पाठवलं आणि त्या स्वतः तिथे गेल्या.

"काय म्हणालात, आई?"

"म्हटलं, माझी सून बाळं वाचवते. तुमच्याकडे नर्सेस कमी आहेत ना? मग तिचा कागद का अडवलाय? तिथल्या मुलीने लिहून घेतलं बाई सगळं."

त्याचा उपयोग झाला की आमचा नंबर आपोआपच लागला, हे मला आजही सांगता येणार नाही. पण नंतर मुलाखतीचं बोलावणं आलं, दोघांना.

या वेळी नवऱ्याने रजा आधीच मागून ठेवली. मुलाखत घेणारे अधिकारी वयस्कर होते, बोलायला सौम्य. आमची फाइल त्यांच्यासमोर उघडी होती.

"तुम्ही दोघं एकाच देशात राहता, पण वेगवेगळ्या शहरांत. का?"

"तिचं हॉस्पिटल रियाधला आहे," नवरा म्हणाला. "आणि मला समुद्र लागतो. तो रियाधला नेता येत नाही."

ते हसले नाहीत. "मग लग्न कसं चालतं?"

नवऱ्याने जरा विचार केला. "गुरुवारी मी गाडीने जातो. शुक्रवारी ती ड्युटीवरून येऊन झोपते. ती उठेपर्यंत मी कुकर लावत नाही."

"कुकर?"

"त्याला शिटी असते. तिला जाग येते. मग आम्ही उशिरा जेवतो. तोवर मी तिचे आठवड्याचे युनिफॉर्म इस्त्री करतो."

हे तो कोणाला सांगेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

अधिकारी माझ्याकडे वळले. "तुमचा शेवटचा मोठा वाद कशावरून झाला?"

वकीलबाईंनी सांगितलं होतं, जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. "या अर्जावरूनच," मी म्हणाले. "याला सोडून द्यायचा होता. मला नाही."

नवरा टेबलाकडे बघत बसला.

"मग काय झालं?"

"तो इथे आलाय," मी म्हणाले.

त्यांनी काहीतरी लिहिलं, फाइल मिटली. निर्णय टपालाने कळेल, एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "कुकरचं सांगायला नको होतं का?" मी त्याचा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

आम्ही परत आलो. सोमवार येत राहिले, मी चौकशी करत राहिले. आणि मग एका दुपारी, ड्युटी संपवून कपाटातून फोन काढला तर सासूबाईंचा आवाजातला निरोप होता. "पाकीट मी उघडलं गं, रागावू नकोस. कार्ड आहे आत. नवीन. दहा वर्षांचं. फोटोत तू फार थकलेली दिसतेस."

मी तिथेच बाकावर बसले आणि नवऱ्याला फोन लावला. तो बाहेर उभा असावा, वाऱ्याचा आवाज येत होता.

"झालं," मी म्हणाले.

"काय झालं?"

"अट गेली."

तो म्हणाला, "म्हणजे आता माझ्या सहीची गरज नाही."

"नाही."

"मग मला सोडूही शकतेस."

"हो. म्हणून जरा नीट वाग."

तो मोठ्याने हसला.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. आमच्या मुख्य नर्सने विचारलं, नवीन मुलगी तयार होईपर्यंत थांबशील का? मी हो म्हणाले, कारण ते काम कोणावर अर्धवट टाकून जाण्यासारखं नाही. नवऱ्याचा करार अजून संपायचा आहे, तेव्हा मी पुढे जाणार आणि तो मागून येणार. सासूबाईंच्या गावापासून जवळच्या एका हॉस्पिटलात बाळांच्या विभागासाठी मी अर्ज केलाय. त्यांनी मुलाखतीला बोलावलंय आणि विचारलंय, रात्रपाळी चालेल का? चालेल, असं मी कळवून टाकलंय.