लूमचा पट्टा आणि साडूची गाडी

दिनांक १५ फेब्रुवारी १९७६, रविवार. रक्कम बेचाळीस हजार रुपये. हजर: सासरे, सासूबाई, माझी बायको, तिची धाकटी बहीण, त्या बहिणीचा नवरा म्हणजे माझा साडू, आणि मी. दापोड्याला सासऱ्यांच्या अंगणात साडूने मुंबईच्या लिलावातून घेतलेली परदेशी गाडी आणून उभी केली आणि किंमत सांगितली. माझ्या गाडीच्या साडेचारपट, असा हिशेब माझा लगेच झाला. माझी गाडी चौदा वर्षांची जुनी होती. पण त्या दिवसापर्यंत सासरच्या माणसांत गाडी असलेला मी एकटा होतो.

रंग आणि रेडिओ मी सोसला. मला झोंबले ते पुढच्या दोन सीटना असलेले पट्टे. साडूने माझ्या बायकोला पुढे बसवून पट्टा लावायला सांगितला.

सासरे म्हणाले, "आरं, मानसाला बांधून न्यायाला ती काय चोर हाय?"

"बाबा, चोराला पळू नये म्हणून बांधतात, हिला उडू नये म्हणून," साडू हसत म्हणाला. "ब्रेक मारला की गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो आणि काचेवर आपटतो. पट्टा त्याला गाडीबरोबर थांबवतो. अमेरिकेत तर म्हणे टक्कर होताच समोरून हवेची पिशवी फुगते आणि तोंड तिच्यावर टेकतं."

"म्हणजे जत्रेतला फुगा," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. बायको म्हणाली, "अहो, ऐकून तरी घ्या."

साडूने तिला काल्हेरपर्यंत फिरवून आणलं. घरी परतताना ती माझ्या शेजारी नेहमीसारखी दाराची कडी धरून बसली होती. "भावोजींच्या गाडीत काही धरावं लागत नाही हो," ती म्हणाली, "दोन्ही हात मोकळे." त्यानंतर महिन्याभरात ती बहिणीबरोबर चार वेळा त्या गाडीतून कुठे कुठे गेली. माझ्या गाडीतून एकदा, तेही दळण आणायला.

मी पट्टा करायचं ठरवलं. भिवंडीत माझे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. मोटरवरून लूम फिरवणारा कॅनव्हासचा पट्टा दोन-दोन शिफ्ट ओढ खातो आणि तुटत नाही, हे मला रोज दिसत होतं. जो पट्टा लूम ओढतो त्याला माझी बायको जड नव्हती. ती बावन्न किलोची. मी तीन इंच रुंदीचा नवा पट्टा कापून घेतला, मोच्याकडून दुहेरी शिवून बकल लावून घेतलं आणि कारखान्याच्या तुळईला अडकवून त्याला सुताची साठ किलोची गोणी टांगली. गोणी रात्रभर लटकली. सकाळी मोजलं, पट्टा पाव इंचही वाढला नव्हता.

आमच्या लूमच्या फिटरने तो सीटच्या लोखंडी चौकटीला बोल्टने आवळला. आवळताना म्हणाला, "सेठ, पट्टा भाभी को पकड़ेगा. सीट को कौन पकड़ेगा? नीचे पत्रे में बांधो."

"पत्र्याला भोकं पाडली तर गाडीची किंमत उतरेल," मी म्हणालो. "तू सांगितलं तेवढं कर."

तो खांदे उडवून पाना फिरवत राहिला. खरं कारण किंमत एवढंच नव्हतं. पट्टा खाली पत्र्याला बांधतात हे बघायला मला साडूच्या गाडीत वाकावं लागलं असतं, आणि ते मला करायचं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं ठरलं. बायको कुठे बसणार हा माझ्यापुरता मुख्य प्रश्न होता. मी दार उघडून पट्टा दाखवला. तिने बकल लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि बहिणीला हाक मारली, "बघ गं, आमच्याकडेपण आला." त्या वाक्यावर मी अंबाडी गावाच्या जवळपासपर्यंत खूश होतो.

तिथे गवताने भरलेली बैलगाडी शेतातून एकदम रस्त्यावर आली. मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी बैलांपासून दोन हातांवर थांबली. पट्टा तुटला नाही. बकल सुटलं नाही. पण सीट मागेपुढे सरकवायचे तिचे दोन्ही जुने रूळ सुटले आणि सीट बायकोला घेऊनच पुढे गेली. तिची हनुवटी समोरच्या पत्र्यावर आदळली. वर तो पट्टा होता पोटावर, त्यामुळे तिला श्वास घेता येईना. मी पट्ट्याची परीक्षा घेतली होती, सीटची नाही.

साडूही मागे करकचून थांबला होता. त्याची बायको धावत आली. तिच्या खांद्यावर पट्ट्याचा नुसता लाल वळ होता. तिने ताईला आपल्या जागी बसवलं आणि स्वतः मागे सासूबाईंशेजारी गेली. साडूने वाकून माझ्या बायकोला पट्टा लावला.

"ताई, हा पोटावर नको. खाली, कंबरेच्या हाडावर. आणि हा खांद्यावरून. धक्का हाडांनी घ्यायचा असतो."

ती हनुवटीला रुमाल लावून निमूट बसली होती. त्या क्षणी तिच्या रक्ताआधी मला त्याचा हात दिसला. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच घडलं.

भिवंडीला डॉक्टरांनी चार टाके घातले. पोटात काही नव्हतं. रात्री मी म्हणालो, "यापुढे तू त्याच्याच गाडीतून जात जा."

टाक्यांमुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. "मला रुसवा नको," ती म्हणाली. "पट्टा नीट बसवा. त्याला विचारून बसवा."

दुसऱ्या दिवशी मी साडूच्या गाडीत वाकून, टेप लावून, बोल्ट कुठे आहेत ते मोजलं. तो बॅटरी धरून उभा होता. एक शब्द टोमण्याचा बोलला नाही, हे मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं. आठवड्यात त्याने मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारातून दोन पट्टे आणून दिले. फिटरने माझ्या गाडीच्या पत्र्याला भोकं पाडली, खालून जाड लोखंडी पट्ट्या लावून बोल्ट आवळले आणि सीटचे रूळही नवे बसवले.

साडू पैसे घेईना. "ताईसाठी आणलेत, साडूभाऊ. त्याचे कसले पैसे?"

त्याने भेट दिलेला पट्टा माझ्या बायकोच्या अंगावर मला नको होता. हे मी त्याला सांगितलं नाही. दोन पट्ट्यांचे एकशे साठ रुपये ९ मे रोजी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर मोजून, रोख साडूला दिले.