शोभाताई मोशीला होत्या, मशीनमध्ये गेटवर होत्या

पहिलंच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. या सदरातले अनुभव मी वाचते ते हसण्यासाठी. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाला पांढरी साडी दिसते... अरे, पगारवाढ का दिसत नाही कुणाला? मी कंत्राटी कामगारांच्या संघटनेत आहे. पत्रकं लिहिते, गेटवर वाटते. आमच्याकडे ज्याला पुरावा नाही ते छापत नाहीत. तरीही हे लिहितेय, कारण मला कुणीतरी याचं उत्तर द्यावं. भीती वाटली म्हणून नाही. डोकं फिरलंय म्हणून.

महाळुंग्यात गाड्यांचे वायरिंगचे जुडगे बनवणारी एक कंपनी आहे, नाव देत नाही. आत सगळ्या कंत्राटी बायका. गेटवर हजेरीचं मशीन आहे, कार्ड दाखवलं की ते वेळ नोंदवतं आणि समोरच्या माणसाचा फोटो काढतं. सकाळची शिफ्ट सातची. महिन्यात तीन लेट मार्क लागले की त्या बाईला गेट बंद. ‘काढलं’ असं कुणी म्हणत नाही हं, नुसतं कार्ड चालत नाही.

बायका कित्येक दिवस सांगत होत्या, आम्ही वेळेवर येतो पण मशीन लेट दाखवतं. त्यात शोभाताई होत्या. लातूरकडच्या, राहायला पिंपरीत, घरी दोन मुली आणि कमावणाऱ्या एकट्या. त्यांना दोन लेट मार्क लागले होते. एचआरच्या साहेबांना मोबाईलवरची वेळ दाखवली तर म्हणाले, "मोबाईल चुकतो. मशीन चुकत नाही."

मी पत्रक काढलं, ‘गेटवरचं घड्याळ कुणाच्या बापाचं?’ संघटनेतल्या ज्येष्ठांनी ‘बापाचं’ काढायला लावलं, ते असो. पण गाजलं. साहेबांनी नाइलाजाने मशीन तपासायला परवानगी दिली.

तपासायला आला सलीमभाई. कंपनीचे कॉम्प्युटर बघायचं कंत्राट त्याच्याकडे. आम्ही ताथवड्याच्या कॉलेजात एकत्र शिकलो, मी नोकरी सोडून पत्रकं वाटायला लागले आणि तो शहाणा निघाला. मशीन म्हणजे आतून लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच एका सिस्टिमवर, चालणारा छोटा कॉम्प्युटर. त्याने लॅपटॉप जोडला आणि हसायलाच लागला.

"लीडर, हे कुणालाच वेळ विचारत नाही गं."

लिनक्सचा कॉम्प्युटर स्वतःच्या घड्याळावर विसंबून राहत नाही. क्रोनी नावाचा एक प्रोग्राम असतो, तो नेटवरच्या अचूक घड्याळांना सतत विचारत राहतो आणि आपलं घड्याळ हळूहळू त्यांच्याशी जुळवतो. इथे तो बंदच होता. वेळ कुणीतरी हाताने लावत होतं. कोण? तर गेटवरचे सिक्युरिटीचे मोरेकाका. इथलेच, मावळातले.

"व्हय, म्याच लावतो," काका म्हणाले. "जरा पुढंच ठिवतो. घरी बी आमच्यात घड्याळ पुढंच हाय. मानूस येळेवर निघतं."

"काका, घरचं घड्याळ कुणाचा लेट मार्क लावत नाही!"

"आता माझ्यावर कशाला वरडतीस? चांगल्यासाठीच केलं की."

खरंच चांगल्यासाठी केलं होतं. महाराष्ट्रातल्या अर्ध्या घरांत भिंतीवरचं घड्याळ पुढे असतं. पण ते पुढे आहे हे घरातल्यांना माहीत असतं ना! इथे बायकांना माहीत नव्हतं, साहेबांना नव्हतं, आणि कार्डं बंद होत होती.

मला वाटलं, जिंकलो. पण साहेब वकिलासारखे बोलले, "काका आज पुढे करतात. मागच्या महिन्यात करत होते कशावरून?" शेवटी ठरलं की सलीमने क्रोनी चालू करायचा, काकांनी हात लावायचा नाही आणि आठवडाभर बघायचं. लेट मार्क थांबले, तर शेवटच्या दिवशी गेटवर सगळ्यांसमोर तपासून साहेब सही करणार, आधीचे सगळ्यांचे मार्क रद्द.

आठवडाभर एकही लेट मार्क लागला नाही. एकही!

शेवटच्या दिवशी सकाळी मी, सलीम आणि साहेब गेटवर. बायकांची रांग पुढे सरकत होती. सात वाजायला थोडाच वेळ होता आणि माझा फोन वाजला.

"ताई, बस बंद पडलीय वो मोशीला," पिंपरीहून येतानाच्या वाटेवर, गेटपासून लांब अडकलेल्या शोभाताई रडकुंडीला आलेल्या. "रिक्षावाले थांबंना गेलेत. आज तिसरा लागतोय बघा मला."

मी रांगेपासून बाजूला होऊन, पत्र्याच्या शेडखाली उभी राहून त्यांना समजावलं. "घाबरू नका. साहेबांची सही झाली की आधीचे दोन जातात. आजचा पहिलाच धरला जाईल. आरामात या."

हे लक्षात ठेवा. त्यांना त्या दिवशी कुणाच्याही मदतीची गरज नव्हती. उशीर झाला होता, तो उशीर म्हणून लागला असता आणि काही बिघडलं नसतं.

सात वाजून बराच वेळ झाल्यावर त्या आल्या. रिक्षातून उतरून धावत, पदर खोचलेला, चेहरा घामाने निथळलेला. साहेबांनीही पाहिलं. "आल्या बघा तुमच्या," असं तेच म्हणाले. शोभाताईंनी कार्ड दाखवलं. मशीन बीप झालं आणि पडद्यावर आलं: नोंद आधीच झाली आहे.

"आधीच म्हंजी?" शोभाताई माझ्याकडे बघत राहिल्या.

सलीमने तिथेच लॅपटॉप उघडला. नोंद होती. सात वाजायच्या आधीची, रांगेतल्या दोन बायकांच्या नोंदींच्या मधोमध. मला वाटलं, कुणा मैत्रिणीने त्यांच्या नावाचं डुप्लिकेट कार्ड दाखवलं असणार, आता माझी अब्रू जाणार. मग त्याने फोटो उघडला.

फोटोत शोभाताई. तीच साडी, तोच खोचलेला पदर, तोच घाम. मागे बायकांची रांग, जी केव्हाच आत गेली होती. आणि रांगेच्या मागे, शेडखाली, कानाला फोन लावून उभी असलेली मी.

मी फोनवर शोभाताईंशीच बोलत होते.

"भावा, हे काय आहे?" मी सलीमला विचारलं. कॉलची वेळ माझ्या फोनमध्ये आहे, ती आणि नोंदीची वेळ एकच. फोटोत शोभाताईंच्या लगेच मागे रेश्मा दिसते. तिला बाहेर बोलावलं. म्हणाली, "माझ्यापुढे सुरेखा होती. तिच्यानंतर मीच. शोभा कुठे होती?"

सलीमने क्रोनीच्या सगळ्या नोंदी काढल्या. घड्याळ मागे ओढलं तर लिनक्स ते लिहून ठेवतो, तसं काही नाही. मशीनमध्ये बाहेरून कुणी शिरलेलं नाही. वेळ नेटवरच्या घड्याळांशी तंतोतंत जुळलेली. घड्याळ चुकलं असतं तर मी आनंदाने नाचले असते. ते आयुष्यात पहिल्यांदा बरोबर होतं!

मी साहेबांना धरलं. "मशीन बरोबर असेल तर शोभाताई वेळेवर आल्या असं लिहा. चूक असेल तर सगळे लेट मार्क खोटे. बोला, कुठलं?"

साहेब पांढरे पडले होते, पण पगार उगाच घेत नाहीत ते. "तिसरंच आहे मॅडम. तुमच्या मित्राने मशीनला हात लावला, आठवडाभर. फोटो काय, आजकाल कसलेही बनवता येतात." सही झाली नाही. तपासणी रद्द. सगळ्या बायकांचे जुने मार्क कायम. सलीमचं कंत्राट थांबवलं.

संघटनेत मला विचारतात, नक्की काय झालं? काय सांगू? लेबर ऑफिसात सुनावणी आहे, तिथे काय लिहून देऊ? ‘अज्ञात शक्तीने हजेरी लावली’? माझा सगळा लढा एका वाक्यावर उभा होता, की खरी वेळ नोंदवा. आणि जे कोणी आलं ते खोटी वेळ नोंदवून गेलं, तीही आमच्या बाजूने. रेश्माचेही दोन मार्क आहेत. तिची दया नाही आली त्याला? मला एकीवर उपकार नको होते हो, सगळ्यांचा हक्क हवा होता.

मी शोभाताईंवर चिडले, चूक माझी. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्यापायी सगळ्यांचं अडलं ना? मग मीच सांगते." आणि खरंच गेल्या साहेबांच्या केबिनमध्ये. मी दारात उभी होते.

"साहेब, त्या दिवशी मला उशीर झालता. तुमी बघितलंय. मला लेट लावा, बंद करा कार्ड. पण बाकीच्यांचे मार्क काढा, सलीमभाईचं काम चालू करा."

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. त्यांच्यापुढे तो फोटो उघडा असणार, कारण त्यांनी माऊसला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"मशीनमध्ये तुम्ही वेळेवर आहात," ते म्हणाले. "जा, लाइनवर जा."

"पन मी मोशीला होते वो साहेब."

"जा म्हटलं ना!"

त्या अजून तिथेच कामाला आहेत. बाकी काहीही बदललेलं नाही. ज्यांना लिनक्स कळतं त्यांनी लिनक्सचं सांगा, ज्यांना दुसरं काही कळतं त्यांनी ते सांगा, मी दोन्ही ऐकेन. आणि शोभाताईंना विचारलं तर त्या म्हणतात, "ताई, मी येळेवर आले म्हनलं तवा बी मशीनचंच ऐकलं आन् उशीर झाला म्हनलं तवा बी. मी कुठं होते, ते मला कोण विचारतंय?"