डाव्या हाताचा दांडा

डोमाजीभाऊंना गाडीचं नाव सांगितलेलं चालायचं नाही. मूल गावातल्या त्यांच्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला माणूस दिसलाच नाही. एका जीपखालून दोन पाय बाहेर आले होते, टाचांना काळं तेल लागलेलं. मी त्या पायांनाच सांगायला सुरुवात केली, माझी गाडी अमुक कंपनीची, तमुक नावाची. जीपखालून आवाज आला, "नाव ठिवा घरी, बाई. नंबर सांगा."

"पाटीवरचा?"

"पाटीवरचा पोलिसाले सांगा. पार्टवरचा सांगा मले."

मी तेव्हा वैतागलेलीच होते. कंपनी देशातून गाशा गुंडाळून गेली होती, चंद्रपूरचं शोरूम जाऊन तिथे फरशीचं दुकान आलं होतं, आणि तीन मेकॅनिकांनी मला गाडी भंगारात घालायचा सल्ला दिला होता. त्यात हा माणूस पायांनी बोलत होता. पण दुसरीकडे जायचं त्राण नव्हतं, म्हणून मी तिथल्या टायरवर बसून राहिले. अर्ध्या तासानं ते बाहेर आले. साठीचा, बुटका, भुवयांवरही धूळ असलेला माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं, ब्रेकजवळचा एक तुकडा फडक्यानं पुसला आणि चष्मा कपाळावर ढकलून त्यावरचे बारीक आकडे वाचले. मग म्हणाले, "हे त मेक्सिकोत आजही रस्त्यानं धावून राह्यली. तुमाले कोन सांगतलं बंद झाली म्हणून?"

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटनं देशांची नावं लिहिली होती. कोरिया, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, आणखी चार-पाच. प्रत्येक देशापुढे माझ्याच गाडीचं तिथलं नाव. एकाही देशात दुसऱ्यासारखं नव्हतं. मी विचारलं, असं का करतात? भाऊंनी काळा चहा बशीत ओतला. "लग्नात पोरीचं नाव बदलवते ना आपल्याकडे? तसंच. हाडं त तेच राहते." माझंही नाव लग्नात बदललं होतं. माहेरी अजून जुनंच चालतं, त्यामुळे मला ते पटकन कळलं.

भद्रावतीकडच्या कोळसा खाणीत त्यांनी पंधरा वर्षं डंपर दुरुस्त केले होते. डंपर परदेशी, पुस्तकं परदेशी भाषेत, आणि डोमाजीभाऊ सातवी शिकलेले. वाचता यायचे ते फक्त आकडे. "आकडा खोटं नाई बोलत जी," असं ते दर दोन दिवसांनी कुणाला तरी सांगत. खाणीत मजुरालाही टोकन नंबर असतो. ती सवय त्यांनी माणसांनाही लावून टाकली होती. त्यांच्या मोबाईलमध्ये मी म्हणजे माझ्या गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे, नाव नव्हतंच. आमच्या भागात ओळख झाली की दुसरा प्रश्न आडनावाचा असतो, आणि आडनाव ऐकून समोरचा खुर्ची पुढे करायची की नाही ते ठरवतो. शाळेत बावीस वर्षं शिकवूनही तो प्रश्न मला चुकला नाही. आठ वर्षांत डोमाजीभाऊंनी तो कधी विचारला नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं, तुम्ही माझं आडनावसुद्धा विचारलं नाहीत. ते म्हणाले, "काऊन? त्याच्यानं ब्रेक लागते का?"

मग माझ्या मिस्टरांच्या किडन्या गेल्या.

ते सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात कामाला होते. उभं आयुष्य बांधावर चाललेला माणूस, तो जिन्याच्या चार पायऱ्या चढून बसायला लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी चंद्रपूरला डायलिसिस. पहाटे साडेचारला उठायचं, डबा, त्यांची उशी, कागदांची पिशवी, आणि मग जंगलातून पंचाहत्तर किलोमीटर. तिथे चार तास बाकावर. परत पंचाहत्तर. बुधवारी शाळा. लोक म्हणायचे, बाई, तुमची धन्य आहे. मला त्या शब्दाचा राग यायचा. धन्य-बिन्य काही नव्हतं, मी फक्त दमले होते. दमलेल्या बाईला धन्य म्हटलं की तिला दमले म्हणायचीही सोय राहत नाही.

जाताना मूल लागायचं. डोमाजीभाऊ गॅरेजच्या दारात उभे असायचे, दर मंगळवारी, दर शुक्रवारी. मी गाडी हळू करायची, ते मान वाकडी करून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि हात वर करायचे. हात वर म्हणजे जा. थांबवलं तर समजायचं की काही तरी बिघडलंय. मिस्टर म्हणायचे, "माझं चेकअप चंद्रपुरात, गाडीचं इथे."

एका शुक्रवारी परतताना मूलच्या अलीकडच्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. गवतात जाऊन थांबली. लागलं काही नाही. पण स्टिअरिंग अर्धं फिरवावं तेव्हा कुठे चाकं जरा हलायची. चालत्या माणसाच्या वेगानं मी ती गॅरेजपर्यंत आणली. डोमाजीभाऊ खाली शिरले, बाहेर आले आणि म्हणाले, "चाकं वळवते तो आडवा दांडा गेला. इथून एक पाऊल हालवाची नाई."

पुढचे तीन आठवडे त्यांनी आम्हाला त्यांच्या टेम्पोतून नेलं. मी नको म्हटलं, एसटीनं जाऊ म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. गॅरेजला कुलूप लावून हा माणूस पहाटे मूलहून उलटा सिंदेवाहीला यायचा. केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीनं, मिस्टर खिडकीशी उशी लावून. चंद्रपूरला मी आत कागद द्यायला, रांगेत उभी राहायला जायची तेव्हा ते दोघंच टेम्पोत असायचे. काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही. मला तेवढ्या वेळात एक कप चहा मिळायचा, तेच पुष्कळ होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. डोमाजीभाऊंची पद्धत अशी की जुना पार्ट खोलून हातात घेतल्याशिवाय, त्यावरचा आकडा दोनदा वाचल्याशिवाय ते नवा मागवायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही ओरडो. या वेळी त्यांनी दांडा खोललाच नाही. पहिल्या मंगळवारी चंद्रपूरहून परतताना गॅरेजपाशी थांबलो आणि टेम्पोतून उतरता उतरता त्यांनी दिल्लीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. भिंतीकडे बघून गाडीचं कोरियातलं नाव सांगितलं. नाव सांगितलं, नंबर नाही. मला नवल वाटलं.

पार्सल आलं तेव्हा मी तिथेच होते. खोक्यातून चकचकीत दांडा निघाला. डोमाजीभाऊ तो घेऊन गाडीखाली गेले. मग ते बाहेर आले, दांडा मांडीवर आडवा घेऊन जमिनीवर बसले. स्टिअरिंगची कांडी जोडायचं तोंड उजव्या बाजूला हवं, ते डाव्या बाजूला होतं. कोरियात गाडी डावीकडे बसून चालवतात. साऱ्या जिल्ह्यात डाव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी कुणी पाहिलेली नाही, डोमाजीभाऊंनीही नाही. गाडी तीच, लांबी तीच, रुंदी तीच. ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला बसत असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

शेजारचा पंक्चरवाला हसला. डोमाजीभाऊंनी त्याला हसू दिलं. "चूक माही हाय," ते मला म्हणाले. "आकडा असता त असं झालं नसतं. आकडा पाह्यलाच नाई मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा जुनाच दांडा खोलला, चंद्रपूरला लेथवर नेला, झिजलेलं बुश पितळेचं नवीन करून घेतलं. संध्याकाळी गाडी दारात उभी केली. "चालन," म्हणाले. दुरुस्त झाली असं ते कधीच म्हणत नसत, चालन एवढंच. "पन चाळीसच्या वर नाई, बाई."

त्यानंतर पाच महिने आम्ही चाळीसनं चंद्रपूरला गेलो आणि चाळीसनं परत आलो. मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून पुढे जायचे. जाण्या-येण्यात तासभर जास्त जायचा आणि त्या तासात मिस्टर बोलायचे. धानाच्या जातींबद्दल, त्यांच्या आईबद्दल, आमच्या मुलीनं लहानपणी माझी लिपस्टिक गाईला लावली होती त्याबद्दल. मी ऐकायची. कधी कधी नुसतं हूं करायची, कारण झोप यायची. मग एका बुधवारी सकाळी, मी डबा भरत असताना, ते घरीच गेले.

डोमाजीभाऊ यंदा उन्हाळ्यात वारले. मला एसटीत कंडक्टरनं सांगितलं. गॅरेजच्या जागी आता रुंद झालेला रस्ता आहे. बस तिथून जाते तेव्हा भिंत नेमकी कुठे होती तेही ओळखता येत नाही.

त्यांची माझी शेवटची नीट भेट मिस्टर गेल्यानंतर दीड महिन्यानं झाली. मी गाडी त्यांना द्यायला गेले होते. मला ती नको होती. त्यांनी किल्ली घेतली, चहा मागवला, आणि बराच वेळ फडक्यानं तीच किल्ली पुसत बसले.

"एक गोष्ट हाय बाई. सांगू का नोको, मले समजून नाई राह्यलं."

"सांगा."

"तो पयला मंगळवार. तुमी कागद द्याले आत गेल्या होत्या. साहेब मले म्हणाले, डोमाजीभाऊ, गाडी इतक्यात नका करू. राहू द्या जरा पडून. टेम्पोही नका आणू. गाडी नाही तर जाणंही नाही. तिची तरी सुटका होईल."

मी चहाचा पेला खाली ठेवला. विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणलो, साहेब, मले गाडी करताच येते. न करनं कोनी शिकवलं नाई." त्यांनी किल्ली उलटी करून पुसली. "ते एकटेच म्हणले असते त मी गपचूप राह्यलो असतो. बिमार मानूस, म्हणते कधी कधी. पन बाई, गाडी आनली त्या दिवशी तुमी बी तेच म्हणल्या होत्या."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं. त्या शुक्रवारी, मिस्टर बाहेर टायरवर बसले होते, आणि मी आत डोमाजीभाऊंना हळूच म्हटलं होतं, भाऊ, घाई नाही. महिना लागला तरी चालेल. म्हणताना मला केवढं हलकं वाटलं होतं, तेही आठवलं.

"दोघं बी तेच म्हणले ना, म्हणून मले भेव लागलं," डोमाजीभाऊ म्हणाले. "म्हणून घाई केली. घाईत दांडा चुकला."

मी त्यांच्यासमोर रडले. ते उठून गेले नाहीत, समजूतही घातली नाही, किल्ली पुसत बसून राहिले. मिस्टर थकले होते, मी थकले होते, आणि दोघांनीही ते गॅरेजातल्या एका परक्या माणसाला सांगितलं होतं. एकमेकांना आम्ही पाच महिने, चाळीसच्या वेगानं जाताना आणि येताना, दर वेळी विचारत होतो, "बरं आहे ना?" आणि दर वेळी सांगत होतो, "बरं आहे."