कॉन्स्टान्सियोची थंड गाडी

मालवणात त्या काळी थंड हवेची गाडी एकच होती, आणि ती कॉन्स्टान्सियोच्या माडाखाली उभी असे. काळी, लांबलचक, परदेशी. गोव्यातल्या एका भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, त्याने उभी हयात ड्रायव्हरकी केली. भाटकार वारला तेव्हा त्याच्या बायकोने किल्ली कॉन्स्टान्सियोच्या हातात ठेवली आणि सांगितलं, ही तूच चालवलीस, आता तूच सांभाळ. नवऱ्यामुलाच्या वरातीला ती गाडी निघाली की लोक नवरा सोडून गाडी बघत. काचा बंद करून आत बसलेला नवरा बाहेर येईपर्यंत घामाचा टिपूस दाखवत नसे, याचं सगळ्यांना कोण अप्रूप!

पण गेल्या पावसाळ्यापासून त्या थंडीला लहर आली होती. कधी फुंकर अशी यायची की अंगावर शहारा उठावा, आणि कधी त्याच जाळीतून भाकरीच्या तव्यावरची वाफ. बर्फाच्या कारखान्यात यंत्रं बघणारा गुरुदास तेवढा एक जाणकार. त्याने गॅस तपासला, वायरी ओढून पाहिल्या, फ्यूज बदलला, बटण उघडून साफ केलं. पण गाडी त्याच्यासमोर उभी केली की पहिल्या खटक्यात गार. तालमीत चोख आणि प्रयोगाला घसा बसणारा नट असतो ना, अगदी तसा प्रकार. गुरुदास हात पुसत म्हणायचा, "तुझ्या गाडीक काय झालेला नाय. तुकाच काय तरी झाला हा." कॉन्स्टान्सियो हसायचा आणि घरी जाऊन पुन्हा बॉनेट उघडायचा. खारं वारं लोखंड खातं हे त्याला बापाने शिकवलं होतं. कुठे तरी गंज धरला असणार, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

इतर वेळी त्याने हे हसण्यावारी नेलं असतं. पण यंदाच्या मे महिन्यात त्याची लेक मारियान कोल्हापूरच्या मठात शेवटची व्रतं घेऊन कायमची सिस्टर होणार होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला आसामकडे धाडणार, आणि तिथून परत कधी येणं होईल हे तिलाही ठाऊक नव्हतं. सेवरीनाला, तिच्या आईला, दम्याने पोखरलेलं. धूळ नाकात गेली की छाती भात्यासारखी वाजायची आणि ओठ काळेनिळे पडायचे. मागच्या खेपेला एसटीने निघाली तर कणकवलीलाच उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यात यंदा घाटात रस्ता रुंद करायचं काम निघालेलं. ट्रक गेला की तांबडा पडदा पडतो आणि पुढचं माणूस दिसत नाही, असं येणारे-जाणारे सांगत. तेव्हा उपाय एकच होता. काचा घट्ट बंद, आत गारवा, आणि सरळ मठाच्या दारात.

पहाटे निघाले तेव्हा गाडी राजासारखी चालली. सेवरीना ठेवणीतली निळी साडी नेसून मागच्या सीटवर बसली होती. कसालपर्यंत तिने मारियानच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या, कणकवलीला चक्क थंडी वाजते म्हणून पदर ओढून घेतला. कॉन्स्टान्सियो आरशातून बघत होता आणि मनात मायेचे, म्हणजे मारिया मातेचे, आभार मानत होता.

ऊन चढलं, इंजिन तापलं आणि फोंडाघाटच्या अलीकडे हवा कोमट झाली. मग गरम. त्याने बटण बंद केलं, परत लावलं. काही नाही. बंद काचांच्या आत गाडीची भट्टी झाली. सेवरीना शांतपणे घाम पुसत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हंय कोण बांगडे भाजता काय रे?"

त्याने नाक वर केलं. वास होताच. त्याचं नाक त्याला इतकं सरावलेलं की वास म्हणून कधी जाणवलाच नव्हता. फोंडाघाटच्या बाजारात नर्मदा नावाच्या बाईच्या चहाच्या हॉटेलाजवळ गाडी थांबवून त्याने बॉनेट उघडलं, तर आत सगळीकडून माशाचं तेल ओघळत होतं.

त्याचा बाप तारकर्लीचा होडीवाला. पावसाआधी होडी वर ओढली की तिला माशाचं तेल माखायचं, फळीफळीत जिरवायचं, हे त्या घरचं व्रत. कॉन्स्टान्सियो दर वर्षी तेच गाडीला करत आला. खालून, आतून, हात पोचेल तिथवर. थंडी रुसायला लागली तशी गंजाच्या संशयाने त्याने यंदा दोनदा माखलं. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी दोन चकत्या असतात. त्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा थंडी होते. वर्षानुवर्षं साचलेलं तेल इंजिन गार असताना चिकटून बसायचं. तापलं की पातळ होऊन थेट त्या चकत्यांत उतरायचं, आणि त्या एकमेकींवरून नुसत्या घसरायच्या. सावलीत, कारखान्याच्या दारात, गुरुदासला ते दिसणार कसं?

सेवरीना काचेआडून बघत होती. त्याने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गाडी ती. तुया बापाशीची होडी न्हय." पण म्हणताना तिला खोकला आला आणि टोमणा अर्ध्यावर राहिला.

त्याने पेट्रोलने चकत्या धुतल्या, फडक्याने कोरड्या केल्या. सुरू केली आणि गार वारा आला. सेवरीनाने क्रूसाची खूण केली. घाटाच्या पहिल्या वळणाला इंजिन तापलं, कुठल्या तरी सांध्यातून परत तेल ओघळलं, परत तोच वास. तिचा जीव आत घुसमटायला लागला म्हणून त्याने बोटभर काच उघडली, तर वरून ट्रक आला. एवढ्याशा फटीतून आलेल्या धुळीने तिची छाती वाजायला लागली. तो कसाबसा गाडी वळवून खाली आला. नर्मदाने तिला आतल्या खोलीत बसवलं, उकळत्या पाण्याची वाफ दिली.

श्वास जरा जाग्यावर आल्यावर कॉन्स्टान्सियोने परत फिरू म्हटलं. नाहीतर काचांना ओली फडकी लावून तसंच पुढे जाऊ, असंही काहीबाही म्हणाला. सेवरीनाने डोळे मिटूनच मान हलवली.

"तू जा," ती म्हणाली. "तिका आमच्यातला एक तरी दिसाक होया."

"आणि तू?"

"मी बसतंय हंयसर. माका काय सांगू नको आता. येळ होता."

तो उभाच राहिला. तेव्हा नर्मदाने त्याला दंडाला धरून दारापर्यंत आणलं आणि म्हणाली, मी आहे हिच्याजवळ.

सगळ्या काचा उघड्या टाकून तो घाट चढला. धूळ हवी तेवढी आत आली. मागची सीट लाल झाली.

मठाच्या प्रार्थनाघरात घरच्यांसाठी पुढचं बाक राखलं होतं. कॉन्स्टान्सियो त्याच्या टोकाला जाऊन बसला. मेणबत्ती घेतलेल्या मुली रांगेने आल्या, त्यांत मारियान तिसरी. तिने बापाला पाहिलं, हसली, आणि तिची नजर त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली. तिथून दाराकडे. बाकीच्या मुली गुडघ्यावर बसल्या तरी ती दाराकडेच बघत उभी. पाद्रींनी तिचं नाव घेतलं, परत घेतलं.

उठून सांगावं तर काय सांगणार, आणि कुठल्या तोंडाने? कॉन्स्टान्सियोने जागेवरूनच नुसती मान हलवली, नाही म्हणून. तिला ते कळलं. मग ती गुडघ्यावर बसली.