तिची परीक्षा, माझं मनगट

मंडईत जायला मी कात्रजहून बस धरते. त्या सकाळी शेजारी पांढऱ्या गणवेशातली एक पोरगी बसली होती. केसांना जाळी, नखं कुरतडून बोटं लाल झालेली, आणि तोंडाने सारखं पुटपुटणं. मला वाटलं, जप करते.

"नर्सिंगची परीक्षा आहे, आजी. आज खऱ्या पेशंटवर नाडी बघून दाखवा लागते," ती म्हणाली. बोली नागपूरकडची होती. "मागच्या वेळी नापास झाली मी. आताही नापास झाली तर बाबा गावाला परत नेतील."

"मग माझ्यावर करून बघ. मी काही मरत नाही."

तिने झटकन माझं मनगट पकडलं आणि घड्याळाकडे बघायला लागली.

"अगं, हात आहे माझा, बसचा दांडा नाही. धरायच्या आधी सांगशील की नाही?"

तिचा चेहरा उतरला. "पेशंटला आधी सांगायचं, हीच तर पहिली पायरी आहे. मागच्या वेळी तिथंच चुकली. घाबरली की मला पेशंट दिसतच नाही, आजी. फक्त परीक्षा घेणारी मॅडम दिसते."

"मॅडमला ताप आलाय का? मग माझ्याकडे बघ."

तिने बघितलं. "आजी, तुमची नाडी बघते. चालेल?"

"बघ."

तिची बोटं गार पडली होती. मोजून झालं तरी तिने हात सोडला नाही आणि मीही ओढून घेतला नाही.

स्टॉप आला तशी ती काही न बोलता उठून पळाली. मंडईत भाजी निवडताना मला एकच घोर लागला. त्या पेशंटशी तरी बोलली असेल ना?