जातो की येतो

मार्च सरता सरता नागपुरात एक दुपार अशी येते, की गल्लीगल्लीतून कूलर बाहेर निघतात, त्यांच्या वाळ्याच्या जुन्या ताट्या बदलल्या जातात आणि नव्या वाळ्यावर पहिलं पाणी पडताच एक ओला, किंचित कडसर गंध खोलीभर पसरतो. तो गंध आला की मला हुरहुर लागते, कारण आमच्या धरमपेठेतल्या बालवाडीचं वर्ष त्याच सुमारास संपतं, आणि मोठ्या शाळेत निघालेल्या मुलांच्या निरोपसमारंभाचं गाणं निवडायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. अलीकडे या समारंभाला पदवीदान म्हणतात. ज्यांना अजून चपलेचा डावा-उजवा पाय उमगत नाही अशा पाच-पाच वर्षांच्या पदवीधरांना त्या उन्हात काळे सॅटिनचे झगे चढवले जातात. ते गोंडेदार टोप्या सावरत घामाघूम होतात आणि पालक कौतुकाने फोटो काढतात. मला ते झगे मुळीच आवडत नाहीत, पण माझं कोण ऐकतं!

गाण्याच्या बाबतीत मात्र माझा शब्द चालतो, निदान चालायचा. यंदा कुणी सिनेमातलं हिंदी गाणं सुचवलं, कुणाला इंग्रजीच हवं होतं, आणि एका हौशी वडिलांनी तर लग्नाच्या वरातीत शोभेल असं काहीतरी मोबाइलवर वाजवून दाखवलं. वैतागून मी स्वतःच चार ओळी जुळवल्या आणि पेटीवर चाल बसवली. ‘झोका आमचा जपून ठेवा, जातो आम्ही, जातो’ असं त्याचं पालुपद होतं. मुलांनी ते दोन दिवसांत उचललं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

ती थाप फार काळ टिकली नाही. पालकसभेत एका मुलाची आजी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “काहून वं ताई, एवढ्याशा लेकरायच्या तोंडी ‘जातो’ कायले देता? ‘येतो’ म्हनू द्या ना!” सभेत माना डोलल्या. मलाही एकदम चटका बसल्यासारखं झालं, कारण उंबरठा ओलांडताना ‘जाते’ म्हटलं की माझी आई मला परत आत बोलवायची आणि ‘येते’ म्हणवून घेतल्यावरच सोडायची. आमच्याकडे ‘जातो’ फक्त जाणाऱ्याबद्दल मागाहून बोललं जातं, जाणारा स्वतः ते कधी उच्चारत नाही. शिवाय दोन्ही शब्दांच्या मात्रा अगदी सारख्या, त्यामुळे चालीचं निमित्त पुढे करायचीही सोय नव्हती. मी मुकाट्याने शब्द बदलला.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला आणि पालुपद आलं, तेव्हा ओवीने तोंड मिटलं. ओवी म्हणजे आमचा सगळ्यात खणखणीत आवाज. तिच्या सुरावर बाकीची मुलं रेलून गायची. मला वाटलं, विसरली असेल. पण कडवं ती जीव ओतून म्हणायची आणि ‘येतो’ आलं की ओठ दातांखाली दाबून जमिनीकडे बघत राहायची. मी तिला जवळ घेऊन कारण विचारलं. माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती एवढंच म्हणाली, “आबा बी येतो म्हनले होते.”

संध्याकाळी तिची आई न्यायला आली तेव्हा उलगडा झाला. ओवीचे आबा रामटेकजवळच्या गावी धानाची शेती करायचे. हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना इकडे आणलं आणि दवाखान्यात नेताना त्यांनी दारातून नातीला ‘येतो वं बाई’ म्हटलं. ते परत आले नाहीत. “तवापासून घरात कोणी ‘येतो’ म्हटलं का हे दार अडवून राह्यते, ताई,” तिची आई सांगत होती. “घरी तर बोलूनच नाही राहिली. फक्त तुमचं गाणं म्हनते. तेवढं तिचं तुटू नका देऊ.” एवढं बोलून तिने मुलीच्या पाठीवर दप्तर चढवलं आणि स्कूटर सुरू केली.

मग माझी जी त्रेधा उडाली ती काय सांगावी! एका आजीला जो शब्द अशुभ वाटत होता, तोच एका नातीला खरा वाटत होता. आणि ज्या शब्दाने सगळी सभा निर्धास्त झाली, तो या पोरीच्या लेखी कधीच न पाळलेलं वचन होता. मी तिसरा शब्द शोधू लागले. ‘निघतो’ म्हणून पाहिलं, तर कचेरी सुटल्यासारखं वाटलं. ‘चाललो’ हे ‘जातो’चंच धाकटं भावंड. ‘टाटा’ चालीत बसेना, आणि ज्या घरातला माणूस नुकताच राम म्हणाला, त्या घरासाठी ‘राम राम’ कसं सुचवायचं! घरासमोरचा कडुनिंब फुलला होता, त्याचा बारीक पांढरा सडा रोज सकाळी झाडताना मी पुटपुटत राहायची आणि झाडलेला कचरा तसाच टाकून आत यायची. एवढी समृद्ध म्हणवली जाणारी आपली भाषा, आणि तिच्यात एका लहान मुलीला धड निघता येईल असं एक क्रियापद सापडू नये, याचा मला खरंच राग आला. पण राग नेमका कुणावर काढायचा, तेही कळत नव्हतं.

शेवटी मी पळवाट काढली. गाणं ‘येतो’वरच ठेवलं, ओवीला पेटीच्या अगदी जवळ उभं केलं आणि तिच्या कानात सांगितलं, की तेवढ्या शब्दाला तू गप्प राहिलीस तरी चालेल. तिने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मला उमगलं नाही.

समारंभाच्या संध्याकाळी टोप्या घसरत होत्या, कूलर घरघरत होता, आणि पालुपद आलं तेव्हा सगळी मुलं एकसुरात ‘येतो आम्ही, येतो’ म्हणाली. त्या गलक्याच्या बरोबर मधून, जराही न कचरता, एकच आवाज वर चढला, “जाते मी, जाते.” मी पेटी वाजवतच राहिले. पालकसभेतल्या त्या आजी मान पुढे करून बसल्या होत्या, ओवीच्या आईने पदर तोंडाशी नेला होता. ओवीने प्रत्येक पालुपदाला तेच म्हटलं, शेवटपर्यंत.

टाळ्या झाल्या, मुलं धावत आपापल्या घरच्यांकडे पांगली. ओवी मात्र तशीच उभी राहिली, मग पेटीला वळसा घालून माझ्यासमोर आली आणि गाणं नाही, नुसतं बोलली, “ताई, जाते मी.” मला काहीतरी नेमकं, खरं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते जन्मभराच्या सवयीचं एकच अक्षर, “ये.”

तिने कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहिलं. “कुठं?” तिने विचारलं.

ती खरंच उत्तराची वाट पाहत होती. निघणाऱ्याला निरोप द्यायला आणि दूरच्याला हाक मारायला आपण एकच अक्षर वापरतो, हे मला त्या क्षणापर्यंत कधी जाणवलं नव्हतं. आणि मी तिला पाठवत होते की बोलावत होते, हे माझं मलाच सांगता येईना. दारातून तिच्या आईने हाक मारली. ओवी माझ्याकडे बघत दोन पावलं मागे सरली, वळली आणि गेली, आणि तिचा प्रश्न माझ्याकडेच राहिला.