सुनेनं निवडलेला विषय

चाळिशी ओलांडल्यावर सुनेनं एम.ए.ला प्रवेश घेतला. विषय काय, तर वार्धक्यशास्त्र! मी जन्मभर शाळेत शिकवलं, शिक्षणाला नावं ठेवणारी मी नव्हे. पण घरात म्हातारं माणूस मी एकटीच. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मी एकेक गोष्ट बघायला लागले. न्हाणीघरात धरायला दांडा बसला. माझ्या खोलीतली सतरंजी गेली, पाय अडकतो म्हणून. एकदा कणीक मळता मळता तिनं मला तीन शब्द सांगितले, पितळ, चप्पल, जांभूळ, आणि पोळ्या झाल्यावर परत विचारले. म्हणे, कॉलेजचा सराव. नेमकी चप्पल आठवली नाही. तेव्हापासून शेंगा सोलताना, गुलमंडीच्या बाजाराला जाताना रिक्षात, मी ते तीन शब्द घोकत असे. पुन्हा विचारलं तर सापडायला नको. लेकाच्या कानावर घातलं, तर तो हसला. त्याचं हसणंही मला खरं वाटेना.

एका दुपारी ती गच्चीवर फोनवर बोलत होती. मी जिन्याखाली कान देऊन उभी.

"पायऱ्या नाय ना तिथं? रात्री उठून फिरायची सवय हाय. लक्ष ठेवायला कोण असतं?"

पायऱ्या मला चढवत नाहीत. रात्री मी उठते. ती खाली येताच मी विचारलं, "मला कधी पोचवतेस?"

ती तिथंच पायरीवर बसून रडायला लागली. वृद्धाश्रम बघत होती ती तिच्या आईसाठी. विहीणबाई खुलताबादला एकट्या राहायच्या. गॅस चालू ठेवून विसरायच्या, दार उघडं टाकून कुठंही निघून जायच्या.

"मग इथं आण की त्यांना," मी म्हणाले.

"माय लेकीच्या घरचं पाणी पीत नाय, आई. तुम्हाला ठावं हाय."

ठाऊक होतं. नातवंडं झाली की बायका ही रीत सोडतात, विहीणबाईंनी सोडली नव्हती. इतकी वर्षं त्या घरून पाण्याची बाटली घेऊन यायच्या आणि मला त्याचं कौतुक वाटायचं! स्वतःचाच राग आला मला.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना घेऊन आलो. गाव कोणतं ते त्यांना आठवेना, रीत मात्र पक्की आठवत होती. सुनेनं पुढं केलेला पेला त्यांनी हातानं दूर सारला. "लेकीच्या घरचं नगं."

मी तांब्या घेऊन समोर बसले. "घर माझं आहे, विहीणबाई. पाणी मी देतेय."

त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं, मग तांब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी तांब्या तसाच धरून बसले. शेवटी त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि रिकामा करून माझ्या हातात दिला.

"आणखी हाय का?" त्यांनी विचारलं.